नवी किडनी घरी आल्यावर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

३ ऑगस्टच्या अवयवदान दिनाला दानाविषयी बरंच छापून येतं. मिळालेली किडनी घरी आणल्यावर जपायची कशी, यावर मात्र आपल्या खानदेशात फारसं बोललं जात नाही. ऑपरेशन मुंबई, पुण्याला होतं, पेशंट शहादा, रावेर, साक्रीला परततो आणि पुढची देखरेख इथल्या लॅबवर येऊन पडते.

दवाखान्यात असेपर्यंत पहिले २४ तास दर एक-दोन तासांनी लघवी मोजतात, क्रिएटिनिनची (किडनी जो कचरा रक्तातून बाहेर टाकते त्याची) तपासणी रोज होते. पहिल्या दिवसापासून दुसऱ्या दिवसापर्यंत क्रिएटिनिन ३० टक्के उतरलं, तर सुरुवात चांगली. ज्यांना आधीपासून लघवी होत होती त्यांनी नुसत्या लघवीवर विसंबू नये; त्यात जुन्या किडनीचाही वाटा असतो. मेंदूमृत दात्याची किडनी बर्फात जास्त वेळ राहिली तर ती ‘झोपते’ आणि पहिल्या आठवड्यात डायलिसिस लागतं. नातेवाईक इथंच खचतात. पण अशा बहुतेक किडन्या काही आठवड्यांत कामाला लागतात. खरा धोका वेगळा आहे. डायलिसिसवर क्रिएटिनिन मशीनच उतरवतं, त्यामुळे आत रिजेक्शन (शरीराने नवी किडनी परकी समजून तिच्यावर केलेला हल्ला) सुरू झालं तरी आकड्यावरून कळत नाही. म्हणून त्या काळात डॉक्टर दर ७ ते १० दिवसांनी बायोप्सी (सुईने किडनीचा बारीक तुकडा काढून तपासणं) सांगतात. तिला घाबरून नकार देऊ नका.

घरी आल्यावर पहिला महिना संपेपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा क्रिएटिनिन, दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात आठवड्याला एकदा, सहाव्यापर्यंत पंधरा दिवसांनी, पुढे वर्षभर महिन्याला. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून खाडे सुरू होतात ते नेमके दुसऱ्या महिन्यात. रिजेक्शनला बहुतेक वेळा ना ताप असतो ना दुखणं.

रिपोर्ट वाचताना सर्वात मोठी चूक ‘नॉर्मल रेंज’मुळे होते. पुरुषाचं स्थिर क्रिएटिनिन ०.९ असेल आणि आज १.३ आलं, तर बऱ्याच लॅबच्या कागदावर ते नॉर्मलमध्येच बसतं, ठळकसुद्धा छापत नाहीत. प्रत्यक्षात ती ४४ टक्के वाढ आहे. स्वतःच्या स्थिर आकड्यापेक्षा २० ते २५ टक्के वाढ दिसली की त्याच दिवशी प्रत्यारोपण केंद्राला फोन करावा. लॅबही एकच धरावी. पद्धत बदलली की आकडा थोडा हलतो आणि उगाच धावपळ होते, किंवा खरी वाढ झाकली जाते. सहाव्या महिन्यापासून वर्षापर्यंत क्रिएटिनिन ०.३ ने चढलं, किंवा वर्षाअखेर १.५ च्या वर राहिलं, तर त्या किडनीचं आयुष्य कमी भरण्याची शक्यता वाढते.

रिजेक्शन रोखणाऱ्या टॅक्रोलिमस या गोळीची रक्तातली लेव्हल तर आपल्याकडे सर्रास चुकते. रक्त आदल्या डोसनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गावाकडचा पेशंट आठला गोळी घेतो, एसटीने दहाला लॅबमध्ये पोहोचतो. लेव्हल खोटी जास्त येते, डोस कमी होतो आणि रिजेक्शनला वाट मिळते. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिल्यावर घ्या. पोहोचायला दहा वाजणार असतील, तर आदल्या रात्रीची गोळी दहाला घेऊ का, हे केंद्राला विचारा. शेवटच्या डोसची वेळ फॉर्मवर लिहून घ्या. नमुना जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए ट्यूबमध्येच हवा. हे औषध तांबड्या पेशींत असतं, सीरम (पेशी वगळून उरलेला रक्ताचा पातळ भाग) चालत नाही.

गावच्या डॉक्टरांनाही विनंती आहे. क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल ही औषधं टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतात, टीबीचं रिफाम्पिसिन ती फार खाली आणतं. अंगदुखीवर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन या पेशंटला देऊच नये. मे महिन्यात पारा ४४ वर असताना जुलाब लागले तर पाणी कमी होतं आणि टॅक्रोलिमसही चढतं. किडनीवर दोन्हीकडून मार बसतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीच क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमस या दोन्ही तपासण्या कराव्यात.

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या सरकारी रुग्णालयांनी या पेशंटचं रक्त सकाळी आठच्या आत घ्यावं, क्रिएटिनिन त्याच दिवशी द्यावं आणि रिपोर्टवर आजच्या आकड्याशेजारी मागचे तीन आकडे छापावेत. याला नवं यंत्र लागत नाही.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ, भुसावळ