झोपेची गोळी लिहिण्याआधी घोरण्याचं विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीतला निद्रानाशावरचा लेख वाचला. रात्री चहा नको, मोबाइल लांब ठेवा, हे सगळं बरोबरच आहे. पण सांगलीत विश्रामबागेत माझं मेडिकल आहे, आणि काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्या वेगळंच काही सांगतात. अल्प्राझोलाम हे झोपेसाठी लिहिलं जाणारं, ‘एच-१’ या सरकारी यादीतलं औषध. ते दिलं की पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे वेगळ्या रजिस्टरात लिहावं लागतं आणि रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. माझं रजिस्टर चाळलं तर महिन्यामागून महिने तीच तीच नावं दिसतात.

त्यातलेच एक मार्केट यार्डातले अडते. वय पन्नाशीपुढचं, अंगानं जाड, शर्टाचं वरचं बटण लागत नाही. टेल्मिसार्टन, अ‍ॅम्लोडिपिन, क्लोरथॅलिडोन अशी बीपीची तीन औषधं चालू, तरी बीपी १६०/१००. ‘रात्री सारखी जाग येते’ म्हणाले म्हणून वर अल्प्राझोलामही सुरू झालं. एकदा औषधं न्यायला त्यांच्या मंडळी आल्या. म्हणाल्या, “झोप येत नाही कसली? हळदीच्या सौद्यात उभ्या उभ्या पेंगतात. रात्री घोरणं असं, की पोरं माडीवर झोपायला जातात. मधेच घोरणं थांबतं आणि श्वासच घेत नाहीत, मी गदागदा हलवते.” दवाखान्यात त्या दर वेळी सोबत जायच्या, पण बाहेरच्या बाकावर बसायच्या. त्यांना आत बोलावून कुणी काही विचारलंच नव्हतं.

याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला क्षणभर जागं करतो. तासाला तीस वेळा किंवा त्याहून जास्त असं झालं तर आजार तीव्र समजतात. सकाळी पेशंटला यातलं फारसं आठवत नाही, म्हणून बायकोची साक्ष लागते. औषधांना दाद न देणाऱ्या बीपीमागे पुष्कळदा हेच असतं. आणि अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर स्नायू आणखी सैल पडू शकतात, जागही उशिरा येते. अडत्यांची तपासणी शेवटी मिरजेला झाली. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आलं. पहिले काही दिवस त्यांनी मास्क भिरकावून दिला, ती गोष्ट वेगळी. आता गोळी डॉक्टरांनीच हळूहळू बंद केली आहे.

डॉक्टरांना दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. ओपीडीत रांग लागलेली असते आणि पेशंटही ‘साहेब, झोपेचं काहीतरी लिवा’ म्हणून हटून बसतो. एमबीबीएसला झोपेवर किती शिकवतात, असं माझ्याकडे येणाऱ्या एका तरुण डॉक्टरांना विचारलं तर ते नुसते हसले.

बायकांची तक्रार आणखी निराळी. दिवस मावळला, अंथरुणाला पाठ टेकली की पायांत वळवळ सुरू, उठून चाललं की बरं. त्यांच्या चिठ्ठीवर कॅल्शियम आणि दुखण्याची गोळी. हा रेस्टलेस लेग्जचा आजार असू शकतो आणि त्यात अंगातलं लोह कमी असणं नेहमीचं. हिमोग्लोबिन ठीक आलं तरी लोहाचा साठा उतरलेला असू शकतो, म्हणून फेरिटिन तपासावं लागतं. तशी चिठ्ठी माझ्या नजरेला क्वचितच पडते.

आणि गळीत हंगामात रात्रभर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ड्रायव्हरला ‘घोरतोस का?’ हे कोण विचारणार?

‘स्टॉप-बँग’ नावाची आठ प्रश्नांची साधी यादी आहे. घोरणं, दिवसाचा थकवा, झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला का, बीपी, वजन, वय पन्नासच्या वर, मान ४० सेंटिमीटरपेक्षा जाड, आणि पुरुष आहे का. तीन किंवा जास्त उत्तरं ‘हो’ आली तर पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. मान मोजायला शिंप्याची टेप पुरते. जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या संघटनांनी ही यादी सोप्या मराठीत करून द्यावी, म्हणजे पेशंटचे घरचे ती बाहेरच्या बाकावर बसूनच भरतील. माझ्या भागातल्या दवाखान्यांपुरता छपाईचा खर्च मी करायला तयार आहे.

आपला,
एक औषधविक्रेता, विश्रामबाग, सांगली