हिल्डेगार्ड म्हणजे फक्त वनौषधी नव्हेत

महोदय,

जर्मनीतल्या बिंगेनच्या मठमाता संत हिल्डेगार्ड (१०९८–११७९) यांची ओळख बहुधा वनौषधींच्या जाणकार एवढ्यावरच संपते. हा त्यांच्यावर अन्याय आहे. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्यांनी आपल्याला झालेली ईश्वरी दर्शने लिहायला घेतली. मठवासी फोलमार लॅटिन व्याकरण तपासत. २६ दर्शनांचा ‘स्किव्हियास’ हा ग्रंथ पूर्ण व्हायला सुमारे दहा वर्षे लागली.

खरा कस लागला ११७८ मध्ये. एकेकाळी चर्चने बहिष्कृत केलेल्या एका मृत उमरावाला त्यांनी मठाच्या दफनभूमीत जागा दिली. प्रेत उकरून बाहेर काढा, असा माइन्त्सच्या धर्माधिकाऱ्यांचा हुकूम आला. उमरावाने मरणापूर्वी पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घेतला होता, म्हणजे चर्चशी त्याचा समेट झाला होता, म्हणून ऐंशीच्या घरातल्या या मठमातेने साफ नकार दिला. शिक्षा म्हणून मठात मिस्सा (ख्रिस्ती सामूहिक उपासना) बंद, गाणे बंद. स्तोत्रे दार लावून, हलक्या आवाजात नुसती वाचायची. सत्तरहून अधिक गीतांना चाली देणाऱ्या बाईंच्या मठावर ही बंदी! त्यांनी धर्माधिकाऱ्यांना लेखी बजावले की, देवाच्या स्तुतीचे गाणे मोडू पाहतो तो सैतान. त्यांच्या संगीतनाट्यातही सैतान गात नाही, नुसता ओरडतो. मार्च ११७९ मध्ये बंदी उठली. १७ सप्टेंबरला त्या वारल्या.

– एक वाचक, वसई