निनादच्या बोलण्याविषयी मित्रास पत्र

प्रिय सुधीर यास,

सप्रेम नमस्कार.

तुझे सविस्तर पत्र मिळाले. चित्रे काढण्यात आणि क्रिकेटमध्ये चुणचुणीत असलेल्या सात वर्षांच्या निनादला वर्गात ऐकलेली गोष्ट सांगता येत नाही, श्रवणचाचणी मात्र निर्दोष आली, हे वाचून स्पीच थेरपिस्टने केलेले भाषाविकाराचे, म्हणजे ऐकू नीट येऊनही भाषा समजण्यात आणि बोलण्यात अडचण येण्याचे, निदान मला पटले. शंभरांतील साधारण सात मुलांना हा त्रास असतो, म्हणजे तीस मुलांच्या वर्गात दोघांना; तरीही डिस्लेक्सिया जितका लोकांना ठाऊक आहे तितका हा नाही. तज्ज्ञांमध्येसुद्धा त्याच्या 'डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर' (विकासात्मक भाषाविकार) या नावाविषयी बरेचसे एकमत झाले ते २०१७च्या सुमारास.

घरी मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला, हा शाळेचा सल्ला मात्र मुळीच मानू नकोस. दोन भाषा कानांवर पडल्याने हा विकार होत नाही आणि एक काढून घेतल्याने तो जातही नाही. आजीशी बोलणे तेवढे तुटेल. (असे सल्ले इतक्या ठामपणे का दिले जातात, याचे मला नेहमी नवल वाटते.)

बदलायची आहे ती आपली बोलण्याची रीत. 'बाबा चेंडू टाकला' असे तो म्हणाला, तर 'नीट बोल, पुन्हा म्हण' असे न सांगता 'हो, बाबांनी चेंडू टाकला, खूप लांब टाकला' असे सहज म्हणावे. सुटलेला प्रत्यय त्याला योग्य जागी ऐकू येतो आणि संभाषणही अडत नाही. त्याला शब्द सापडेपर्यंत थांबावे, वाक्य आपण पुरे करू नये, आणि पाहुण्यांसमोर 'कविता म्हणून दाखव' हा आग्रह तर सोडूनच द्यावा.

शाळेचे काम अधिक अवघड आहे, कारण तिथे गणितसुद्धा भाषेतूनच येते. बारातून पाच वजा करणे त्याला जमते. पण 'रमाने १२ लाडवांपैकी ५ वाटले, तर तिच्याजवळ किती उरले?' या प्रश्नातील 'पैकी' आणि 'उरले' यांपाशी तो अडतो, आणि बाई समजतात की मुलाचे लक्ष नाही. म्हणून वर्गशिक्षिकेला थेरपिस्टचा अहवाल दाखवून लेखी विनंती कर, की सूचना एका वेळी एकच द्यावी, नव्या धड्यातील शब्द आदल्या दिवशी घरी कळवावेत, आणि 'समजले का?' असे न विचारता 'आता काय करायचे आहे?' असे विचारावे. कारण पहिल्या प्रश्नाला अशी मुले भिडेपोटी 'हो' म्हणून मोकळी होतात.

हा त्रास वयाबरोबर आपोआप जाईल, असे सांगणाऱ्या नातेवाइकांच्या भरवशावर थेरपी सोडू नकोस. पुष्कळ मुलांच्या बाबतीत तो मोठेपणीही काही अंशी राहतो. दुसऱ्या तज्ज्ञाचे मत हवे असल्यास मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा व श्रवण दोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे जाताना आतापर्यंतचे सर्व अहवाल आणि निनादच्या वह्या बरोबर ने.

काकूंना शिरसाष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, निनादला अनेक आशीर्वाद. शाळेचे उत्तर आले की कळव.

तुझा मित्र,
अविनाश