मा. आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र: लाल खूण अकरा दिवस तशीच होती

मा. आरोग्यमंत्री साहेब,

जोहार आणि नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात गटप्रवर्तक आहे. म्हणजे वीसेक आशाताईंच्या वह्या, त्यांचे मोबाईल, त्यांचं पेंडिंग आणि त्यांचं रडणं सगळं माझ्याकडे येतं, आणि त्याआधी सात वर्षं मी स्वतः आशा होते. आमचं काम तुमच्यापर्यंत आकड्यांतून पोचतं, त्या आकड्यांबद्दलच बोलायचंय, आणि इथे सगळ्यांसमोर लिहितेय कारण खालून वर गेलेलं पत्र वर पोचेपर्यंत दोन ओळींचं होऊन जातं.

एका बाईची गोष्ट सांगते. तिचं नाव नाही सांगणार, पाडाही नाही, कारण कुणा एकाला अडचणीत आणायला मी लिहीत नाहीये. तिसरं बाळंतपण, सहावा महिना, एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन, 6.8, फारच कमी. आमची आशा त्याच संध्याकाळी टेकडीवर चढली, कारण खाली रेंज येत नाही, आणि मोबाईलातल्या अॅपमध्ये एंट्री केली. स्क्रीनवर लाल खूण आली, अतिजोखमीची माता. आम्ही तिला केंद्रात नेलं, तिथे जिल्ह्याला न्या म्हणाले, पण घरी दोन लहान लेकरं आणि नवरा मजुरीवर, ती तिकडे कुणाच्या भरवशावर राहणार? आम्हाला वाटलं खूण लाल झालीये म्हणजे वर कुणीतरी बघेल, गाडी येईल, आयर्नच्या सलाइनची सोय इथेच होईल. अकरा दिवस खूण लालच राहिली. त्या अकरा दिवसांत मला वरून तीन फोन आले आणि तिन्ही फोन आधार नंबर राहिलेल्या एंट्र्यांबद्दल होते.

बाराव्या दिवशी ऊसतोड टोळीच्या मुकादमाची गाडी आली. दिवाळी होऊन गेली होती, उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, ती नवऱ्यासोबत गुजरातला ऊस तोडायला गेली. आमच्याकडे अशा बाईपुढे "स्थलांतरित" असं टाकतात, आणि ते टाकलं की ती पेंडिंगमधून निघून जाते. त्या महिन्याच्या मीटिंगला माझ्या गटाचं पेंडिंग कमी झालं म्हणून माझं कौतुक झालं.

पौषात ती पडावावर, म्हणजे तोडणी मजुरांच्या तळावर, झोपडीवजा कोपीतच, दिवस भरायच्या महिनाभर आधी बाळंत झाली. खूप रक्त गेलं पण वाचली. बाळ पाचव्या दिवशी गेलं. मला हे कधी कळलं तर होळीला, कारण होळीला आमची सगळी माणसं घरी येतात. ती माझ्याजवळ बसली आणि आमच्या पावरी बोलीतून एवढंच म्हणाली की बाळ दोन दिवस पीतच नव्हतं, कुणाला विचारायचं तेच समजेना. साहेब, बाळ दूध ओढत नाही हे पहिलं धोक्याचं लक्षण, आमच्या आशांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण तिकडे तिच्याजवळ आशा नव्हती. तिच्या फोनमध्ये माझा नंबर होता, पण फोन नवऱ्याकडे आणि नवरा फडात. ती जायच्या आदल्या दिवशी मी तिकडच्या कुणाचा तरी नंबर शोधायला हवा होता, हे मला रोज वाटतं.

आता तुम्ही म्हणाल आपला माता मृत्यू दर तर बराच खाली आलाय. आलाय, मला माहीत आहे, 2018-20 च्या पाहणीत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे 33 आणि देशात 97, आणि हे खालच्या सिस्टरांनी आणि आशांनी पायपीट करून आणलंय. पण 33 ही सगळ्या राज्याची सरासरी आहे, तिच्यात पुणं आहे, मुंबई आहे. अक्कलकुवा, धडगाव, मेळघाट, भामरागड हे आदिवासी भाग या सरासरीत दिसत नाहीत, आणि जी बाई महाराष्ट्रात नोंदली गेली पण गुजरातेत बाळंत झाली ती कुठल्याच आकड्यात नीट येत नाही, तिचं पाच दिवसांचं बाळ तर नाहीच.

आणि हे सगळं करायचं कसं हे आपल्याच राज्याने शिकवलंय हो. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेने 39 गावांत गावातल्याच कमी शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं, घरी जाऊन बाळ बघायचं, वजन करायचं, ऊब द्यायची, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायचे. बाजूच्या 47 गावांशी तुलना केली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झालेले दिसले, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यातूनच 2011 मध्ये देशभर घरभेटींचा कार्यक्रम आला. दवाखान्यात डिलिव्हरी झाली तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट, घरी झाली तर पहिल्या दिवसाची एक जास्त. त्या बाईला सात भेटी मिळायला हव्या होत्या, एकही मिळाली नाही.

सर्चच्याच लोकांनी श्वास मोजायचं एक साधन केलं होतं, ते मला फार आवडतं. दाईला साठपर्यंत मोजता येत नाही, मग मण्यांची पाटी दिली, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळूचं घड्याळ संपायच्या आत लाल मणी सरकवावा लागला तर न्यूमोनिया समजायचा. तिथे पण लाल खूणच होती साहेब, पण लाल मणी सरकला की पुढे काय करायचं हे त्या बाईला तिथल्या तिथे माहीत असायचं. आमच्या मोबाईलातली लाल खूण आमच्याकडून माहिती घेते आणि गप्प बसते.

मी मोबाईलच्या विरोधात नाहीये, हे नीट लिहिते, नाहीतर लगेच म्हणतील यांना काम नको. आमच्या नर्मदेच्याच काठाने खाली गेलं की गुजरातेत झगडिया लागतं, तिथे सेवा रूरल संस्थेने भरूच आणि नर्मदा जिल्ह्यांतल्या आदिवासी भागात आशांसाठी इमटेको नावाचं अॅप केलं. ते सकाळी आशाला सांगायचं आज कुठल्या घरी जायचंय, घरच्यांना दाखवायला व्हिडिओ द्यायचं, लक्षण टाकलं की पुढे काय करायचं ते सांगायचं, आणि केंद्रातल्या डॉक्टरांना पण ते दिसायचं. आणि त्यांनी ते एकदम सगळ्यांच्या माथी मारलं नाही, काही केंद्रांत वापरलं, काहींत नाही, मग तुलना करून 2019 मध्ये छापलं की घरभेटी खरंच वाढल्या. त्याच धर्तीवरचं टेको प्लस हे सरकारी अॅप गुजरातभर आलं. आमच्या बायका जिथे ऊस तोडायला जातात त्या राज्यात हे आहे आणि त्यांना त्याचा काही उपयोग नाही, याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं.

आता दुसरी बाजू पण सांगते. किलकारी म्हणून सरकारी सेवा आहे, चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचं होईपर्यंत आठवड्याला एक रेकॉर्ड केलेला कॉल येतो, एकूण 72. मध्य प्रदेशात पाच हजारांवर गरोदर बायकांमध्ये तिची नीट चाचणी झाली, निकाल 2022 मध्ये आला. कुटुंब नियोजनाची साधनं वापरण्यात थोडी वाढ दिसली, पण निव्वळ स्तनपानात फरक पडला नाही. म्हणून ती बंद करा असं मी अजिबात म्हणत नाहीये, करणाऱ्यांनी मन लावून केलीये. पण नुसतं कानात सांगून भागत नाही हे तर कळलं ना. 2024 मध्ये ती आपल्या राज्यात पण सुरू झाली. त्या कॉलमध्ये आमची पावरी नाही, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या जेमतेम 54 टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाईल होता. मग पाड्यावर तो कॉल कोण उचलतं? नवरा उचलतो, बाईचा आवाज ऐकतो आणि कंपनीचा आहे म्हणून कट करतो, मी डोळ्यांनी बघितलंय.

आम्हाला आजपर्यंत जेवढी अॅप दिली त्यातल्या एकाबद्दल तरी कुणी आम्हाला येऊन सांगितलं का, की हे अमुक तालुक्यात वापरून बघितलं आणि इतकी बाळं जास्त वाचली? मीटिंगमध्ये विचारतात एंट्री किती टक्के झाली. 2021 मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी ताईंनी मोबाईल परत केले, तेव्हा त्यांना हट्टी म्हणणारे होते, पण फोन हँग होतो आणि अॅप इंग्रजीत आहे ही तक्रार खरीच होती ना. आमच्या आशा आजही आधी वहीत लिहितात, मग मोबाईलात, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो. नवजात बाळाच्या सगळ्या भेटी पूर्ण केल्या की 250 रुपये. तो वेळ कुठून येतो? बाळाजवळ बसायच्या वेळातूनच येतो, दुसरीकडून येणार कुठून.

माझं म्हणणं एवढंच आहे की आम्ही माहिती वर पाठवली की खाली काहीतरी आलं पाहिजे. लाल खूण आली की तिच्यासमोर एका माणसाचं नाव पाहिजे, पदनाम नको, नाव आणि नंबर, आणि त्याने चोवीस तासांत काय केलं ते आशाच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. रिव्ह्यूमध्ये पहिला प्रश्न एंट्रीचा नको, लाल खुणेला उत्तर किती वेळात गेलं याचा हवा. नवीन अॅप आणायचं तर आधी दोन आदिवासी तालुक्यांत वापरा, शेजारच्या दोन तालुक्यांशी तुलना करा, बाळं आणि आया मोजा, आणि निकाल चांगला येवो की वाईट, मराठीत सगळ्यांसमोर ठेवा. गडचिरोलीत तीस वर्षांपूर्वी हे जमलं, तेव्हा तर मोबाईल पण नव्हता.

आणि "स्थलांतरित" टाकलं की बाई यादीतून जाणं हे तर आधी थांबवा, याला संशोधन पण लागत नाही. तिच्याकडे आरसीएच नंबर, म्हणजे माता-बाल आरोग्याच्या नोंदणीचा नंबर, असतो, तो देशभर एकच असतो. तिचं नाव जिथे जातेय तिथल्या आशाकडे गेलं पाहिजे, आणि तिने "मिळाली" असं दाबेपर्यंत ती माझ्या यादीत राहू दे, माझं पेंडिंग वाढलं तरी चालेल, मी मीटिंगमध्ये बोलणी खाईन. गुजरातच्या आरोग्यमंत्र्यांशी तुम्हीच बोलू शकता, मी बोलू शकत नाही. मुकादमांना कुठला पडाव, कुठला कारखाना सगळं माहीत असतं, टोळी निघायच्या आधी त्यांच्याकडून लिहून घेता येतं, आम्ही घेऊ.

यंदा मी तसं सुरू केलंय, वहीतच. दसऱ्यापर्यंत माझ्या गटातून तोडीला निघणाऱ्या गरोदर बाया 14 झाल्या. प्रत्येकीचा महिना, एचबी, वजन, आधीची बाळंतपणं, कुठला मुकादम, कुठला पडाव, सगळं लिहून ठेवलंय. त्यातली एक तीच आहे, पुन्हा दिवस गेलेत तिला, पाचवा महिना लागलाय आणि एचबी 7.4. गाड्या दिवाळीनंतर निघतील. ही यादी तिकडे नेमकी कुणाला पाठवायची, त्या माणसाचं नाव आणि नंबर मला त्याआधी कळवा.

आपली,
एक गटप्रवर्तक, धडगाव तालुका, जि. नंदुरबार