व्हीलचेअरला बॅडमिंटन कोर्टाची दारे उघडा

महोदय,

२०२१ मध्ये टोकियोत बॅडमिंटनचा पॅरालिम्पिकमध्ये प्रथमच समावेश झाला. तिथे आणि पुढे २०२४ मध्ये पॅरिसलाही पुरुषांच्या व्हीलचेअर एकेरीची सुवर्णपदके चीनच्या छू झिमो (डब्ल्यूएच १, म्हणजे पायांसोबत धडावरही कमी ताबा असलेल्यांचा गट) आणि जपानच्या दाइकी काजिवारा (डब्ल्यूएच २, म्हणजे मुख्यतः पायांपुरतेच अपंगत्व असलेल्यांचा गट) यांनीच जिंकली. भारताने टोकियोत चार, पॅरिसला पाच पदके मिळवली. अभिमान आहेच, पण ती सगळी उभ्याने खेळायच्या गटांतली.

का, ते मला आमच्याच भागातल्या एका हॉलच्या दारात कळले. शेजारचा मुलगा व्हीलचेअरवर खेळतो. दाराशी चार पायऱ्या, रॅम्प नाही. आम्ही खुर्ची उचलून आत नेली, तर उत्तर मिळाले, "चाकांनी मॅट खराब होईल." रॅकेट मांडीवर ठेवून तो बाहेरूनच खेळ बघत राहिला.

व्हीलचेअर एकेरीला कोर्टाची अर्धीच रुंदी लागते. नेटजवळ पडलेले शटल बाद, म्हणून सारा खेळ मागेपुढे. एका हाताने चाक मागे खेचायचे, दुसऱ्याने डोक्यावरचे शटल परतवायचे, तेही बैठक न सोडता. हे सरावाशिवाय कसे येणार?

१९७२ मध्ये जलतरणात भारताला पहिले पॅरालिम्पिक सुवर्ण जिंकून देणारे मुरलीकांत पेटकर याच पुण्यात राहतात. महापालिकेने आपल्या प्रत्येक बॅडमिंटन हॉलला रॅम्प आणि रुंद दाराचे स्वच्छतागृह द्यावे, आठवड्यातले दोन तास या खेळाडूंसाठी राखावेत. सुट्टी लागण्याआधी झाले तर फार बरे. त्या मुलाची रोज सरावाला यायची तयारी आहे.

– एक बॅडमिंटनप्रेमी, सहकारनगर, पुणे