सात वर्षांची म्हणून विकलेली तेरा वर्षांची घोडी : तक्रार आणि रक्कम परत मिळण्याबाबत

दिनांक : १० मार्च २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
अश्व पैदास व विक्री केंद्र

विषय : १८ जानेवारी २०२५ रोजी विकलेल्या घोडीचं वय, प्रकृती आणि आधीचा वापर याबद्दल खोटी माहिती दिल्याबाबत.

महोदय,

१८ जानेवारीला मी तुमच्या केंद्रातून माझ्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी एक लाख चाळीस हजार रुपयांना सवारीची घोडी घेतली. पावतीवर तुम्ही स्वतः लिहून दिलं आहे : ‘घोडी, रंग कुमेत, उंची ५५ इंच, वय ७ वर्षे, सवारीला तयार, निर्दोष.’ यातला रंग (कुमेत म्हणजे तांबूस तपकिरी) आणि उंची खरी आहे. बाकी सगळं खोटं आहे, आणि विकताना तुम्हाला ते माहीत होतं, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. का ते सविस्तर लिहिते.

आम्ही सातारा जिल्ह्यातलं शेतकरी कुटुंब. मी शाळेत शिकवते. मुलगी दोन वर्षं दर सुट्टीत पुण्याजवळच्या एका क्लबात घोडेस्वारी शिकते आहे. तिच्यासाठी घोडी घ्यायची म्हणून चार वर्षं पैसे बाजूला टाकत होतो. दीड लाखाच्या वर जाणं आम्हाला शक्यच नव्हतं. डिसेंबरात मी आणि माझा भाऊ दत्तजयंतीच्या यात्रेला सारंगखेड्याला जाऊन आलो. तापीकाठी लागलेल्या त्या बाजारात उंच मारवाडी घोडे लाखालाखांनी विकले जात होते. ते आम्हाला नकोच होते. आम्हाला बुटकी, काटक, शांत घोडी हवी होती. धनगरांच्या फिरत्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहून नेणारी भीमथडी जातीची किंवा तिच्यासारखी. आमच्या पैशांत बसणाऱ्या दोन घोड्या तिथे होत्याही. पण भाऊ म्हणाला, ताई, यात्रा उठली की विकणारा कुठे शोधणार? पत्ता असलेल्या, पावती देणाऱ्या माणसाकडून घेऊ, चार पैसे जास्त जाऊ देत. केवळ एवढ्यासाठी आम्ही तुमच्या दारात आलो. त्या विश्वासापोटी आम्ही बाजारभावापेक्षा जास्त पैसे मोजले.

येण्याआधी मी तुम्हाला मेसेज केला होता की घोडी आमच्यासमोर ठाणावरून सोडावी, आमच्यासमोर खोगीर चढवावं आणि डांबरी रस्त्यावर दुडकी चालवून दाखवावी. तो मेसेज माझ्याकडे आहे आणि त्यावरचं तुमचं ‘हो ताई’ हे उत्तरही आहे. प्रत्यक्षात आम्ही पोचलो तेव्हा घोडी जीन कसून, घामेजून उभी होती. ‘तुमच्यासाठीच फिरवून मोकळी करून ठेवली,’ असं तुम्ही म्हणालात. रस्त्यावर न्यायला नकार दिलात, वाहनांना बुजेल म्हणालात. वाळूच्या रिंगणात मुलीला बसवून दहा मिनिटं फिरवलंत. मऊ वाळूत घोडी नीट चालली. मुलीने गळ्यात हात टाकले, घोडीने मान तशीच स्थिर धरून ठेवली, आणि आम्ही तिथेच हो म्हटलं.

घोडी २५ जानेवारीला आमच्याकडे आली. गाडीभाडं बारा हजार, तेही आम्हीच दिलं. दोन दिवसांनी ऊन पाहून मुलीने तिला धुतलं. पाठीवर, खोगीर बसतं तिथे, ओला स्पंज फिरवला तसं बादलीतलं पाणी तांबूस काळं झालं. पुन्हा धुतलं, पुन्हा तेच. अंग वाळल्यावर मणक्याच्या दोन्ही बाजूंना तळहाताएवढे पांढऱ्या केसांचे डाग वर आले. खोगीर लागून खोल जखम झाली की ती भरल्यावर त्या जागी पांढरे केस उगवतात, हे घोडा पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. तुम्ही फोनवर म्हणालात, ‘जन्मखूण आहे.’ जन्मखुणेला रंग कशाला लावावा लागतो?

२८ तारखेला घोडी लंगडायला लागली. आधी फक्त वळताना, मग सरळ चालतानाही. अंगणातल्या फरशीवर चालवली की पुढचा उजवा पाय टेकताना तिची मान झटकन वर जाते आणि डावा टेकला की खाली येते. दुखरा पाय कोणता, हे ती प्रत्येक पावलाला मान उचलून सांगत होती. २९ तारखेला मी तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, ‘गाडीत मुरगळला असेल, आठ दिवस हळद-तेल लावा.’

आम्ही डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी एक्स-रे काढला. खुराच्या वरच्या सांध्याभोवती हाड वाढलेलं आहे. याला रिंगबोन म्हणतात. हे हाड गाडीतल्या एका रात्रीत वाढत नाही, तीन दिवसांतही नाही. त्याला कित्येक महिने, कधी वर्षं लागतात. तुमचा ‘मुरगळला’ हा खुलासा इथेच संपतो. एक्स-रेची प्रत सोबत जोडली आहे, तुमच्या ओळखीच्या कुठल्याही पशुवैद्याला दाखवा. १८ तारखेला न लंगडणारी घोडी दहा दिवसांत एवढी लंगडते, याचा अर्थ त्या दिवशी तिला वेदनाशामक दिलेलं असावं, असं डॉक्टरांचं मत आहे. मी ते सिद्ध करू शकत नाही, पण मला तसाच दाट संशय आहे. कडक रस्त्यावर लंगडणं मऊ वाळूपेक्षा चटकन दिसतं, म्हणून रस्त्यावर न नेण्याचं कारणही आता समजतं.

मग दात पाहिले. डॉक्टरांनी वरचा ओठ उचलून कडेचा दात मला आणि मुलीला दाखवला. त्या दातावर हिरडीपासून खाली उतरणारी तपकिरी खाच असते. घोडा साधारण दहा वर्षांचा झाला की ती हिरडीशी दिसू लागते आणि पंधराव्या वर्षाच्या सुमारास दाताच्या मध्यापर्यंत येते. सात वर्षांच्या घोडीला ती नसतेच. आमच्या घोडीची खाच जवळजवळ एक तृतीयांश उतरली आहे. तेरा वर्षं, एखादं वर्ष इकडेतिकडे. खरेदीच्या दिवशी तुम्ही स्वतः तिचा जबडा उघडून ‘बघा, आत्ताच जुळली आहे’, म्हणजे पक्के दात नुकतेच पूर्ण आले आहेत, असं सांगत होतात, आणि आम्ही खालचे दात बघत होतो.

आणखी एक गोष्ट. १६ फेब्रुवारीला शेजारच्या वस्तीवर लग्न होतं. संध्याकाळी हलगी सुरू झाली. मी स्वयंपाकघरात होते, मुलीने ओरडून बोलावलं. गोठ्यात बांधलेली घोडी हलगीच्या ठेक्यावर पुढचे पाय एकाआड एक वर उचलत होती. मान ताठ, कान मागे, मानेवर घाम. दुखरा पाय खाली येताना ती प्रत्येक वेळी कण्हत होती, तरी थांबत नव्हती. लग्न चाललं तेवढा वेळ, पाऊण तास. आम्ही दारं लावली, कानांभोवती कापड बांधलं, मुलगी तिच्या मानेला धरून उभी राहिली. ही वरातीची, नाचवायला शिकवलेली घोडी आहे. मारून मारून शिकवलं असणार, नाहीतर जनावर इतकी कळ सोसून नाचत नाही. वरातीच्या कामाला पाय साथ देईना तेव्हा तुम्ही ती ‘सवारीला तयार’ म्हणून एका लहान मुलीला विकलीत. भर रस्त्यात माझी मुलगी पाठीवर असताना कुठे बाजा वाजला असता तर काय झालं असतं?

ग्लँडर्सच्या तपासणीचं प्रमाणपत्र गाडीसोबत पाठवतो म्हणाला होतात, ते आजतागायत आलेलं नाही. हा रोग घोड्यापासून माणसाला होतो, आणि २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या कायद्याखाली तो कळवणं बंधनकारक आहे. मुलगी रोज तिची लीद काढते. सरकारी दवाखान्यामार्फत रक्त तपासून घेतलं आणि निकाल निर्दोष आला, पण तो येईपर्यंत मुलीला गोठ्यात जाऊ दिलं नाही. ते दिवस या घराने कसे काढले ते मलाच माहीत.

तुमच्या माणसाने गेल्या आठवड्यात फोनवर सुचवलं की घोडी परत पाठवा, दुसरी देतो, वर तीस हजार भरा. हे मला मान्य नाही. घोडी परत येणार नाही. ती तुमच्याकडे आली की पाठीवर पुन्हा रंग चढेल आणि आमच्यासारखंच दुसरं कुटुंब फसेल, किंवा ती पुन्हा वरातीत उभी राहील. तिच्यावर आता कुणी बसणार नाही. नालबंद दर महिन्याला येऊन तिचा खूर तासून खास नाल बसवतो आहे, हिरवा लसूणघास आणि भुसा चालू आहे, ती आमच्याकडेच राहील. पण सवारीच्या निरोगी घोडीची किंमत तुम्ही घेतली आहे, ती तुमच्याकडे राहता कामा नये.

या वयाच्या आणि अशा पायाच्या घोडीला पन्नास हजारांच्या वर कुणी मोजणार नाही, असं दोन जाणत्या व्यापाऱ्यांनी मला सांगितलं. म्हणून फरकाचे नव्वद हजार, आणि डॉक्टर, एक्स-रे, रक्ततपासणी व नालबंदीचे अठरा हजार सहाशे, मिळून एक लाख आठ हजार सहाशे रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. सगळ्या बिलांच्या प्रती सोबत आहेत.

न केल्यास मी ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहे. मी राहते त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीही लागत नाही. वस्तू कशासाठी हवी ते सांगून विकणाऱ्याच्या माहितीवर विसंबून घेतली, तर ती त्या कामाच्या योग्य असलीच पाहिजे, हे मालविक्रीच्या १९३० च्या कायद्यात लिहिलेलं आहे. घोडी लहान मुलीला बसायला हवी आहे, हे मी पहिल्या फोनपासून सांगत होते. कोर्टकचेरीची मला हौस नाही. पण या बाबतीत मी मागे हटणार नाही.

पैशांचं उत्तर पंधरा दिवसांत द्या, पण दोन गोष्टी मात्र आजच कळवा. १८ जानेवारीच्या आधी तिला कोणतं औषध, किती आणि किती दिवस दिलं होतं, ते डॉक्टरांना उपचारासाठी हवं आहे. आणि तिला आधी कोणत्या नावाने हाक मारत होते तेही लिहा. आम्ही ठेवलेल्या नावाला ती अजून कान टवकारत नाही.

आपली ग्राहक,
(सही)