आहारतज्ज्ञांचा व्हिडिओ कॉल का बंद केलात? : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सादर नमस्कार.

माझ्या मुलीवर मुंबईच्या ज्या रुग्णालयात उपचार चालू आहेत, तेथील आहारतज्ज्ञ आम्हाला व्हिडिओ कॉलवर मार्गदर्शन करीत असत, आणि ही सोय कायम राहील असे आम्हा पालकांना सांगण्यात आले होते. त्यांचे कंत्राट संपले, जागा रिकामी राहिली आणि गेल्या आठवड्यात ‘यापुढे रुग्णास प्रत्यक्ष ओपीडीत आणावे’ एवढाच निरोप आला. हिंगोलीहून मुंबई किती लांब आहे, हे निरोप धाडणाऱ्याने नकाशात तरी पाहायचे होते.

मुलीला फेनिलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार आहे. प्रथिनांतील फेनिलअ‍ॅलनिन हा घटक तिचे शरीर पचवू शकत नाही. ते रक्तात साठते आणि मेंदूला इजा करते. १ ग्रॅम प्रथिनात ते साधारण ५० मिलिग्रॅम असते, त्यामुळे ज्वारीच्या एका भाकरीतच तिचा दिवसभराचा वाटा जवळपास संपतो. म्हणून आमच्याकडे भात काट्यावर तोलला जातो, साबुदाण्याची खिचडी दाण्याच्या कुटाशिवाय होते, आणि प्रथिनांची गरज उग्र वासाच्या एका खास पावडरीवर भागवावी लागते, जी पिताना ती रोज नाक दाबते. ताप आला की शरीर स्वतःचेच स्नायू मोडू लागते आणि ती काही न खाताही पातळी चढते. अशा वेळी पेज किती, पावडर किती, हे त्याच दिवशी कळावे लागते. परवा तिला ताप होता. मी जुन्या नंबरावर फोन लावत राहिले, आणि जवळच्या डॉक्टरांनी भरपूर वरण-भात द्या असे सांगितले.

दुर्मिळ आजारांचे राष्ट्रीय धोरण २०२१ मध्ये आले, २०२२ मध्ये मदतीची मर्यादा ५० लाखांवर गेली, २०२३ मध्ये परदेशी पावडरीवरील सीमाशुल्कही माफ झाले. त्या माफीसाठी लागणारा दाखला मागायला गेले, तर टेबलामागच्या गृहस्थांनी आजाराचे नाव तीनदा लिहायला लावून ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असे सांगितले. पन्नास लाखांचे आकडे भाषणात शोभून दिसतात. आम्हाला महिन्यातून काही वेळा फोन उचलणारे एक माणूस हवे होते, तेवढे मात्र सरकारला परवडले नाही.

आपण ३६ जिल्ह्यांचा आढावा व्हिडिओ कॉन्फरन्सवर घेता. ई-संजीवनी ही सरकारचीच दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची सेवा २०१९ पासून चालू आहे. म्हणजे यंत्र आहे, जाळे आहे, नाही ते कायमचे पद. कारण या राज्यात कोनशिला कायमची बसते आणि माणसे अकरा महिन्यांच्या कराराने. परिचारिका असोत, तंत्रज्ञ असोत की आहारतज्ज्ञ, सगळ्यांची तीच गत आहे.

ते पद कायमस्वरूपी भरावे, तोवर दुसऱ्या आहारतज्ज्ञांकडून दूरस्थ सल्ला सुरू ठेवावा आणि सीमाशुल्काचा दाखला जिल्ह्यातच आठवड्याच्या आत मिळावा, एवढीच मागणी आहे. हे पत्र ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ असा शेरा मारून खाली ढकलले जाणार, हे मी जाणते. म्हणूनच ते सर्वांसमोर लिहिले आहे. कळावे.

एका रुग्ण मुलीची आई,
जि. हिंगोली